गंधालीची मालकीण

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे बस सिग्नलला अडली आणि पद्मजाबाई सामंतांना समोर आपलं नाव दिसलं.

रस्त्यापलीकडची अख्खी इमारत झाकून टाकणारा फलक होता. साबणाच्या फेसात हात बुडवून बसलेली एक तरुण बाई, आणि तिच्या खांद्यावरून तिरक्या गेलेल्या केशरी अक्षरांत: गंधाली. खाली दरवळ, मोहोर, असं काहीतरी बारीक अक्षरांत. शेजारच्या सीटवरच्या मुलीने फोनमधून डोकंही वर काढलं नाही. सिग्नल सुटला. पद्मजाबाई मान वळवून बघत राहिल्या. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं आणि ते आपल्याकडे न बघता पुढे निघून जावं, तसं त्यांना झालं.

हे नाव माझं आहे, असं त्यांनी सोसायटीत कोणाला सांगितलं असतं तर लोकांना ती गंमत वाटली असती. दारावरच्या पाटीवर पद्मजा, आधारकार्डावर पद्मजा, पासबुकात पद्मजा.

गंधाली हे नाव वडिलांनी ठेवलं होतं. अंबादास रेगे गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढता काढता त्यांना शब्दांची हाव सुटली होती. दुसरे बाप खिशातून चणे आणतात तसा आवडलेला शब्द ते घरी घेऊन यायचे. मुलगी झाली तेव्हा त्यांच्याजवळ हा शब्द होता. घाटकोपरच्या त्या चाळीत सगळ्या मुली शोभा, सुरेखा, नाहीतर मंगल. शाळेत हजेरी घेताना बाई या एका नावापाशी क्षणभर थांबायच्या. त्या थांबण्यात ती मुलगी मोठी झाली.

मग लग्न झालं. सामंतांकडे सुनेचं नाव बदलायची रीत होती. घरात महालक्ष्मीचं सगळं, म्हणून पद्मजा. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यावर अक्षरं ओढली, माणसं वाकून बघू लागली, पेढे वाटले गेले. कोणी जुलूम केला नाही. कोणी विचारलंही नाही. ताट आत गेलं, आणि त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी बहुधा भात झाला.

पद्मजाबाईंनी नोकरी केली ती अंधेरीला, ट्रेडमार्कचं काम बघणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात. दर आठवड्याला ट्रेडमार्कचं जर्नल निघतं. देशभरातून नोंदणीला आलेली नावं त्यात छापलेली असतात. मसाल्यांची, बनियनची, कुलपांची, शाम्पूंची. आपल्या अशिलाच्या नावासारखं नाव कोणी उचलून चाललंय का, हे त्यात शोधायचं. सापडलं तर मुदतीत हरकत घ्यायची. नाही घेतली तर नाव त्याचं. आणि नुसतं नोंदवून भागत नाही. नाव वर्षानुवर्षं वापरलं नाही, तर कोणीही अर्ज करून ते रजिस्टरवरून काढून टाकायला लावू शकतो. न वापरलेलं नाव मरतं, असं साहेब प्रत्येक नव्या पोराला शिकवायचे. पद्मजाबाई शेजारच्या टेबलावर मान खाली घालून जर्नल चाळत असायच्या.

पुढे इंटरनेटवरच्या नावांचं काम आलं, तेही त्यांच्याकडेच. अशील नवा धंदा काढायचा. त्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, मोकळा आहे का ते बघायचं. एका दुपारी, साहेब कोर्टात गेलेले, एसी बंद पडलेला, त्यांनी अशिलाच्या नावाच्या जागी स्वतःचं टाइप केलं. गंधाली, टिंब, इन. पडद्यावर उत्तर आलं: उपलब्ध.

त्या शब्दाकडे त्या बघत बसल्या. इतकी वर्षं कोणीच नेलं नव्हतं.

त्यांनी ते घेतलं. मालकाच्या रकान्यात त्यांनी ओळखपत्रावर होतं तेच नाव लिहिलं. पद्मजा विद्याधर सामंत. हाताला दुसरं काही सुचलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या नावांची राखण करणाऱ्या बाईने स्वतःचं नाव अशा रीतीने परक्या नावावर चढवलं. ही चूक कायद्याच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. ती तांदळावर नावं लिहिणाऱ्या लोकांचीच चूक.

त्या पत्त्यावर त्यांनी कधी काही टाकलं नाही. टाकण्यासारखं काही होतं असंही नाही. दर वर्षी नूतनीकरण करायच्या, बस. निवृत्तीनंतर कधीतरी दुपारी त्या फोनवर तो पत्ता लिहायच्या. एक पांढरं पान उघडायचं. जरा वेळ बघून त्या ते मिटवायच्या.

फलक दिसल्यावर काही आठवड्यांनी एका माणसाचा फोन आला. हिंदीत, गोड आवाजात, तो पत्ता विकणार का म्हणून. त्या नाही म्हणाल्या. मग ईमेलवर तक्रारीची प्रत आली. साबण आणि अत्तरं काढणाऱ्या त्या नव्या कंपनीने इंटरनेट नावांच्या तंट्यांसाठीच्या लवादाकडे धाव घेतली होती. मुद्दे तीन होते. हे नाव आमच्या मालाचं आहे. प्रतिवादीचा त्यावर काही हक्क नाही. तिने ते वाईट हेतूने अडवून ठेवलं आहे. दुसऱ्या मुद्द्याखाली लिहिलं होतं: ‘प्रतिवादी पद्मजा सामंत यांचा गंधाली या नावाशी कोणताही संबंध नाही. त्यांना या नावाने कोणीही ओळखत नाही.’

पद्मजाबाईंनी असल्या तक्रारी आयुष्यभर स्वतः टाइप केल्या होत्या. वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. शेवटचा भाग त्यांनी पुन्हा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यात खोटं काही नाही.

मुलीचा, गार्गीचा, पुण्याहून फोन आला. लग्नानंतरही ती गार्गी सामंतच राहिली होती. पद्मजाबाईंना त्याचा अभिमान होता आणि थोडासा हेवाही.

“आई, देऊन टाक ना यार,” गार्गी म्हणाली. “पांढरं पान तर आहे.”

“हो ना,” पद्मजाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी घाटकोपरला केयूरकडे गेल्या.

केयूर शहा त्यांच्याच ऑफिसात शिकून वकील झालेला. आता त्याचं स्वतःचं ऑफिस होतं, दोन खुर्च्या आणि एक मोठं मनीप्लांट. त्याने तक्रार वाचली आणि हसायलाच लागला.

“मॅडम, ही काय केस आहे? तारीख बघा ना. तुम्ही डोमेन घेतलं तेव्हा ही कंपनी जन्मालाच आली नव्हती. जे नाव त्यांचं नव्हतंच ते तुम्ही वाईट हेतूने अडवणार कसं? तिन्ही मुद्दे त्यांना सिद्ध करावे लागतात. एक पडला की खेळ खल्लास.”

“आणि दुसरा मुद्दा?”

“कुठला?”

“संबंध नाही म्हणतात तो.”

“तो राहू दे ना. गरजच नाही.”

“मला तो लढायचाय.”

केयूरने चष्मा काढला. “मॅडम, तुम्हीच मला शिकवलंत. जिंकायला लागतं तेवढंच लिहायचं. जास्त लिहिलं तर जास्त फसायला होतं.”

“शिकवलं असेन. आता मी सांगते तसं लिही.”

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. मग नियम काढला. ज्याच्याकडे डोमेन आहे तो माणूस त्या नावाने ओळखला जात असेल, तर तेवढ्याने त्याचा हक्क ठरतो. “दहावीचं सर्टिफिकेट आहे?”

“आहे.”

“त्याने झालं ‘ओळखल्या जायच्या’. मला पाहिजे ‘ओळखल्या जातात’. आज तुम्हाला गंधाली कोण म्हणतं? एकाचं प्रतिज्ञापत्र बस झालं. भाऊ आहे ना?”

“मिहिर ताई म्हणतो.”

“त्याची बायको?”

“वन्सं.”

“सासरचे?”

“वहिनी. काकू. मामी.”

“बिल्डिंगमध्ये?”

“सामंत काकू.”

“आणि आपल्या ऑफिसात तर...”

“तू काय म्हणतोस?”

“मॅडम,” केयूर म्हणाला, आणि हसता हसता थांबला.

घरी विद्याधर बाल्कनीत शब्दकोडं सोडवत बसले होते. महापालिकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ तेवढंच. पद्मजाबाई पर्स न ठेवताच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुम्हाला माझं नाव आठवतं?”

“म्हणजे काय?”

“आधीचं.”

“गंधाली,” ते लगेच म्हणाले, हजेरीला ओ द्यावी तसे. डोळे कोड्यावरच होते.

“मग कधी म्हटलं का नाहीत?”

आता त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरंच विचार केला. माणूस प्रामाणिक होता. “पद्मजा तरी कधी म्हटलं?”

खाली पोरं क्रिकेटच्या आउटवरून भांडत होती.

“अगं म्हटलं की तू येतेस,” विद्याधर म्हणाले. “नाव लागलंच नाही कधी.”

यात माया नव्हती असं नाही. एका संसाराला पुरून उरेल इतकी होती. पण तिला नाव नव्हतं, आणि पद्मजाबाईंना या वयात त्याचीच भूक लागली होती.

“मी देऊ का लिहून?” विद्याधरांनी विचारलं. “नाव मीच बदललं म्हणून?”

“तेवढं नका करू,” त्या म्हणाल्या. “केस पडेल.”

उरली कमल. चाळीत शेजारच्या खोलीतली, एकाच बाकावर बसणारी. लग्नाच्या वेळी तिला कावीळ झाली होती, म्हणून ती आली नव्हती. मग तिचंही लग्न झालं, नवरा ट्रॉम्बेला अणुकेंद्रात फिटर, आणि दोघी एकाच शहराच्या दोन टोकांना विरून गेल्या. मिहिर अजून चाळीतल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. त्याने नंबर आणि पत्ता काढून दिला. पद्मजाबाईंनी फोन केला नाही. फोनवर काय सांगायचं, कोण बोलतंय म्हणून? त्या थेट गेल्या.

दार उघडणारी बाई रुंद झाली होती, केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. तिने यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“गंधे! मेले, आता आठवण झाली होय?”

पद्मजाबाईंचा एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर.

“आत ये की आता. का आरती ओवाळू? अपूर्वा, चहा टाक गं!” मग आत बसवून, पंखा लावून, समोर खुर्ची ओढून: “बोल. काय काम काढलंस? उगाच येणारातली नाहीस तू.”

पद्मजाबाईंनी सगळं सांगितलं. साबण, फलक, लवाद, दुसरा मुद्दा. कमलने केयूरने लिहून दिलेला कागद हातात घेतला आणि लांब धरून मोठ्याने वाचला. “‘मी सदर व्यक्तीस आजतागायत गंधाली या नावाने संबोधते.’ हे खोटं आहे.”

“खोटं काय आहे त्यात?”

“मी तुला गंधाली कधी म्हटलं? गंधे म्हणायचे. चिडले की गंध्या. आणि आजतागायत? इतकी वर्षं होतीस कुठे?”

“मुलुंडला.”

“मुलुंड काय दुबईत आहे?”

आत सुनेला हसू आवरेना. कमल मात्र हसली नाही. तिने कागदाची घडी घातली, उलगडली.

“या घराच्या वास्तुशांतीला तुला बोलावलं होतं मी. तुझ्या आईकडून पत्ता घेऊन पत्रिका टाकली. नवऱ्याला म्हटलं, गंधी आली की जेवणावळ मागे, आधी आम्ही दोघी बसणार. तू आली नाहीस. फोन नाही, काही नाही. मी म्हटलं, ऑफिसवाली झाली, शिष्ट झाली.”

“कमळे, पत्रिका मिळालीच नाही मला.”

“पत्ता बरोबर होता. परत आली ती. वर शेरा होता, या नावाचं इथे कोणी राहत नाही. मी म्हटलं, बघा, घेतलीसुद्धा नाही हिने.”

“तू नाव काय घातलं होतंस?”

“काय घालणार? गंधाली सामंत.”

सामंतांच्या जुन्या घरी टपाल सासूबाई घ्यायच्या. त्यांना गंधाली कोण ते माहीत नव्हतं असं नाही. पण पोस्टमन दारात उभा असताना त्यांना आठवलं नसेल. किंवा आठवलं असेल, आणि त्यांनी खरं तेच सांगितलं असेल. या नावाचं इथे कोणी राहत नाही.

“माझं नाव बदललं होतं,” त्या म्हणाल्या. “पद्मजा.”

“पद्मजा?” कमलने तो शब्द तोंडात घोळवला. “वाईट नाही. पण ती कोण मला ठाऊक नाही बाई. मी तिला पत्रिका कशी पाठवणार?”

चहा आला. “घ्या काकू,” अपूर्वा म्हणाली. दोघी कितीतरी वेळ बशीतच बघत होत्या.

शेवटी कमलने डोळे पदराला पुसले आणि हात पुढे केला. “आण. त्या तुझ्या वकिलाला सांग, खरं असेल तेच लिही. गंधे म्हणते म्हणून लिही. मग हवी तिथे सही करते.”

केयूरने फोनवर दोनदा विचारलं. “मॅडम, नक्की? लवादापुढे ‘गंधे’?”

“नक्की.”

“कमलबाईंनी मधल्या काळात भेट नव्हती हेसुद्धा लिहायला लावलंय.”

“ते खरंच आहे.”

“पण त्याने आपला मुद्दा कमजोर होतो.”

“होऊ दे रे.”

उत्तर गेलं. पुढचे दिवस पद्मजाबाईंना वेगळेच गेले. निकालाची भीती त्यांना नव्हती. तारखेच्या जोरावर पत्ता आपलाच राहणार हे त्यांना केयूरइतकंच कळत होतं. त्या वाट बघत होत्या ती एका वाक्याची. त्यांनी ते मनात लिहूनही पाहिलं, ज्या भाषेत त्यांचं आयुष्य गेलं त्या भाषेत: प्रतिवादी ही गंधाली या नावाने ओळखली जाते, असे आम्हास आढळून येते. आढळून येते. भाजी निवडताना, इस्त्रीचे कपडे मोजून घेताना त्या ते म्हणत. एक अनोळखी माणूस, ज्याला आपण काकू लागत नाही, वहिनी लागत नाही, तो कागदपत्रं समोर ठेवून सांगेल की ही आहे. त्यावर शिक्का असेल.

निकाल आला तेव्हा केयूर फोनवर ओरडतच होता. “जिंकलो मॅडम! एकदम झकास! तारखेवरच उडवला त्यांना!”

“दुसऱ्या मुद्द्यावर काय लिहिलंय?”

“अं? थांबा... पाठवतोच ना. पण जिंकलो आपण.”

त्यांनी फोनवर निकाल उघडला. तक्रारदाराचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी प्रतिवादीने हे नाव घेतलं होतं, सबब वाईट हेतू सिद्ध होत नाही, सबब तक्रार फेटाळण्यात येते. आणि मग: ‘उपरोक्त निष्कर्ष पाहता, प्रतिवादी सदर नावाने ओळखली जाते किंवा कसे, या प्रश्नात जाण्याची आवश्यकता नाही.’

चोख निकाल होता. साहेब असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. पत्ता राहिला, नोंद राहिली, रकान्यात पद्मजा विद्याधर सामंत राहिली. गंधालीची मालकीण पद्मजा, हे कायद्याने पक्कं झालं. गंधाली कोण, हे कोणाला ठरवावंच लागलं नाही.

विद्याधर खाली जाऊन जिलेबी घेऊन आले. पुडा टेबलावर ठेवला आणि दारातच घुटमळले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरवून आल्याचा भाव होता.

“गंधाली,” ते म्हणाले.

अक्षर न् अक्षर बरोबर होतं. बंद दुकानाची पाटी वाचावी तसं. ते स्वतःच ओशाळले.

“अहो, राहू द्या,” पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांनी पुडा सोडून त्यांच्या हातात जिलेबी ठेवली आणि हात जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.

कमलने पहिल्याच रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

“बोल गं! काय झालं त्या साबणवाल्यांचं?”

“जिंकले मी.”

“मग! सांगितलं नव्हतं तुला? माझी सही म्हणजे काय समजलीस! आता पेढे घेऊन ये. नुसती हात हलवत येऊ नको त्या दिवशीसारखी.”

“येते ना.”

“कधी? तुझं येते म्हणजे मी ओळखून आहे.” मग कमल बोलतच सुटली. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतायत, करू की नको. अपूर्वा बोंबील तळते पण मीठ घालायचं विसरते. चाळीच्या जागी टॉवर झाला, बघितलास का तू? अगं, आपल्या जिन्याखाली आता लिफ्ट आहे. तू बोल, तू का गप्प? तुझं काय, तुझे गुडघे बरे आहेत? तुला काय झालंय, तू पहिल्यापासून चिवट.

पद्मजाबाई हं म्हणत होत्या. तू, अगं, तुझं, तुला. समोरासमोर बोलणाऱ्या दोन बायकांना नावाची गरज पडत नाही. नाव दारात लागतं, रस्त्यात लागतं, माणूस लांब असलं की लागतं. बोलणं जसजसं जवळ येत होतं तसतसं नाव लांब जात होतं. कमलला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिला सांगून ‘गंधे’ ही हाक मागायची तर ती मागितलेली झाली असती.

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“चल गं, ठेवते,” कमल म्हणाली. “डाळ करपेल.”

“थांब,” पद्मजाबाई म्हणाल्या. “तुला एक सांगायचंच राहिलं.”

“काय?”

त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीही नव्हतं. फोन कानाशी घट्ट धरून त्या काहीतरी शोधू लागल्या, लांबलचक, पुष्कळ वेळ पुरेल असं.